अंगकोरहून काय आणावे?

कंबोडियातली अंगकोरची देवळे पाहायला निघालेली पुण्यातली ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात, की तिकडून आणण्यासारखे काय आहे. माझे उत्तर ठरलेले आहे: हातमागाचे रेशीम आणा, आणि शक्यतो ते विणले जाते तिथूनच घ्या.

ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या मुख्य समाजाच्या, विणकरांचे ‘होल’ हे इकत पद्धतीचे कापड आहे. बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे जागोजागी घट्ट बांधून आधी रंगवायचे आणि मगच विणायला घ्यायचे, अशी ही रीत असून लाखेचा लाल, झाडाच्या सालीचा पिवळा आणि नीळ हे तिचे जुने रंग आहेत. लक्ष्मी रस्त्यावर पैठणी घेताना आपण पदर उलटा करून पाहतो, कारण अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. होलची वीण तिरकी असते आणि बाण्याचा रंग एकाच अंगाला जास्त उमटतो, त्यामुळे उलटी बाजू फिकी दिसली म्हणून कापड नाकारू नये. त्याऐवजी कडेचा सुटलेला बाण्याचा धागा निरखावा: अस्सल होलमध्ये तो आरपार रंगलेला असतो आणि त्या एकाच धाग्यावर थोड्याथोड्या अंतराने रंग बदलत जातात. छापील नकलेत रंग वरवर बसलेला असतो.

1975 ते 1979 या ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट, राजवटीत ही विद्या जवळजवळ नामशेष झाली. किकुओ मोरिमोतो या जपानी कारागिराने गावोगावच्या वृद्ध विणकर स्त्रियांना शोधून काढले आणि 1996 मध्ये पारंपरिक ख्मेर वस्त्रांसाठी संस्था स्थापन केली. पुढे अंगकोरलगतच्या सिएम रीप शहराजवळ तुतीची लागवड, रंगाची झाडे आणि माग असलेले एक गावच तिने वसवले. हे ठाऊक असल्यामुळे अशा मागावरच्या कापडाची घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. बजेट कमी असेल, तर चौकड्यांचा सुती ‘क्रामा’ घ्यावा. डोक्याला बांधण्यापासून तान्ह्या मुलाच्या झोळीपर्यंत तिथे तो सगळीकडे वापरात असतो.

रत्नांच्या बाबतीत मी सावध राहायला सांगेन. पश्चिम कंबोडियातल्या पाइलिनची माणके आणि नीलम प्रसिद्ध असले, तरी बाजारातल्या उघड्या ट्रेमधला खडा त्याच खाणीचा आहे, हे विक्रेत्याच्या शब्दावरून ठरत नाही. प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नसेल, तर मोठी रक्कम गुंतवू नये. ईशान्येकडच्या रतनकिरी प्रांतातला निळा झिरकॉन मात्र मला मनापासून आवडतो. मूळचा तपकिरी खडा भट्टीत तापवून हा निळा रंग आणतात, आणि ही प्रक्रिया व्यापारात सर्वमान्य आहे. भिंगातून किंचित तिरके पाहिले, की त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. काचेत तसे कधीच दिसत नाही. या खड्याच्या कडा लवकर झिजतात आणि त्यांचे टवकेही उडतात, म्हणून पुण्यात परतल्यावर सराफाकडून तो अंगठीत न बसवता कानातल्यात किंवा पदकात जडवून घ्यावा.