घोटीच्या तुसावर बर्फाची चाचणी

नाशकात बर्फ भेटतो तो रसवंतीवर पोत्यात गुंडाळलेला, नाहीतर मासळी बाजारात. रस्त्यावर पडलेला बर्फ मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तरी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर मी एका ग्रेडरला, म्हणजे रस्ता सपाट करायच्या मशीनला, बर्फ लोटायचा प्लाऊ बसवला, आणि चाचणीच्या दिवशी तो माझ्याच हातानं मोडता मोडता राहिला.

नाशकातच अंबडला माझं शेड आहे. ग्रेडर, लोडर, रोलर, जे येईल ते. पिना काढायच्या, बुश ठोकायचे, सिलिंडरचे सील बदलायचे, चिरलेल्या आर्मला वेल्डिंग मारायचं. २०२७ च्या कुंभाच्या रस्त्यांमुळं सध्या ग्रेडरवाल्यांची चलती आहे, त्यामुळं एक शेठ आपलं मशीन जिल्ह्याबाहेर न्यायला निघाले तेव्हा नवल वाटलं. म्हणाले, "भाऊ, मशीन कारगिलच्या बाजूला जातंय. पुढं बर्फाचं पातं लावून द्या." पातं त्यांनी जुनं विकत घेऊन ट्रकमध्ये टाकून आणलं होतं. दहा फुटी, वजन टनाच्या आसपास. स्प्रिंगा गंजलेल्या, खालचे शूज, म्हणजे पातं ज्यावर टेकून घसरतं ते पाय, गायब.

मशीनला पुढं स्कॅरिफायर होता, म्हणजे माती उकरायची दातेरी पट्टी. ती उतरवली आणि तिचाच उचलायचा सिलिंडर प्लाऊला वापरला. जाड प्लेटची फ्रेम केली, शूज घडवले, स्प्रिंगा नव्या आणल्या. सगळं असं कडक बसवलं की हातोडा मारला तरी टण् वाजावं. आमच्या धंद्यात ढिलं म्हणजे वाईट. गिऱ्हाईक मशीन घ्यायला येतं तेव्हा आधी हलवून बघतं, खडखड झाली की पैसे कापतं.

आता चाचणी कशावर घ्यायची? मातीवर घ्यावी तर माती फार जड. शेवटी घोटीच्या राइस मिलमधून दोन ट्रॉल्या भाताचं तूस आणलं आणि विल्होळीच्या पुढं ओळखीच्या एका क्रशरच्या आवारात पसरलं, वर टँकरनं पाणी मारलं. पोरं मोबाइल काढून तयारच होती.

माझ्या मेव्हण्याचे सासरे सिन्नरचे. आम्ही सगळेच त्यांना नाना म्हणतो. त्यांची नोकरी ग्रेफमध्ये गेली. सीमा सडक संघटनेचं हे मनुष्यबळ, आणि नाना त्यातली बरीच वर्षं झोजिला खिंडीच्या पलीकडं द्रासला होते. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. एसटीनं आले, चहा घेतला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "साखळी कुठाय?"

म्हटलं, "साखळी कशाला नाना, सिलिंडरपासून सरळ लिंक दिलीय, लोखंडी दांड्याची. मजबूत."

"बरं. चालव बघू."

पहिली फेरी झकास झाली. तूस पात्यावरून वळकटीसारखं गुंडाळत उजव्या बाजूला पडत गेलं. टाळ्यासुद्धा पडल्या. दुसऱ्या फेरीत ऑपरेटरनं गिअर वाढवला. मध्येच एक खोलगट जागा होती. पुढची चाकं तीत उतरली तसं पातंही नाकासकट खाली गेलं, आणि तुसाखाली जुन्या वजनकाट्याचा काँक्रीटचा काठ दडलेला होता तो लागला. आवाज असा झाला की क्रशरवरची माणसं पळत आली. पंधरा टनांचं मशीन जागच्या जागी थांबलं. ऑपरेटरची छाती स्टिअरिंगवर आपटली. सुदैवानं लागलं नाही, पण बराच वेळ तो खाली उतरून नुसता बसून होता. फ्रेमच्या एका कानाची वेल्डिंग उकलली होती. माझी वेल्डिंग.

नाना ओरडतील असं वाटलं. त्यांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, वाकले आणि स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये सरकवायला लागले. तिकीट कुठंच अडलं नाही, सरळ आत पडलं. मग त्यांनी तिथं करंगळी घातली. तीही गेली.

"कागद जेमतेम जायला पाहिजे. तुझ्यात बोट जातंय."

मला कळलं ते असं. या स्प्रिंगा पातं धरून ठेवायला नसतात, सोडून द्यायला असतात. खाली दगड लागला की पात्याची खालची कड मागं जायची, वरची कड पुढं झुकायची, पातं अडथळ्यावरून निघून जायचं आणि स्प्रिंगांनी ते पुन्हा ओढून उभं करायचं. मी बोल्ट आवळून आवळून त्या आधीच ताणून ठेवल्या होत्या. मग झुकणार कसं? सगळा धक्का फ्रेमवर गेला.

आणि साखळी? ग्रेडरच्या सिलिंडरला लॉक व्हॉल्व्ह असतो. रस्त्याचं लेव्हल धरताना पातं सूतभरही खाली सरकू नये म्हणून. तोच इथं नडतो. सरळ लिंक दिली की प्लाऊ मशीनला बांधला जातो, चाक खाली गेलं की तोही खाली जातो. मध्ये साखळी असली की उचलताना ती ताठ होते, आणि पातं जमिनीवर टेकलं की सैल पडते. मग प्लाऊ आपल्या शूजवर, रस्त्याच्या चढउतारानं, मोकळा चालतो. नाना म्हणाले, "तू पातं टांगून ठेवलंयस. त्याला रस्त्यावर बसू दे."

दुपार त्यातच गेली. जेवण तसंच राहिलं. लिंक कापली, साखळी लावली. कान पुन्हा वेल्ड केला, आतून जाड पट्टी देऊन. शूजचं सेटिंग नानांनी स्वतः केलं. कटिंग एजखाली, म्हणजे पात्याच्या खालच्या धारेखाली, दोन्ही टोकांना १२ मिमीच्या प्लायचे तुकडे ठेवले, पातं त्यावर अलगद टेकवलं आणि शूज जमिनीला लागेपर्यंत उतरवून पिन मारली. तुकडे काढले की एज जमिनीपासून तेवढी वर. डांबरावर इतकी गरज नाही, पण तिकडं मध्येच खडीचा पट्टा येतो आणि एज टेकलेली असेल तर बर्फाबरोबर रस्ताही निघून येतो. मग पात्याच्या आतून हात फिरवत नाना म्हणाले, "हे काय?" वेल्डिंगचे शिंतोडे होते. मी कधी लक्षातही घेतले नसते. ओला बर्फ असल्या खरखरीत जागी धरून बसतो, मग पातं बर्फ लोटत नाही, अंगावर घेऊन फिरतं. ग्राइंडरनं सगळं साफ केलं, गुळगुळीत रंग मारायचं ठरलं.

संध्याकाळी त्याच काठावर मुद्दाम मशीन घातलं, अगदी हळू. या वेळी मी स्वतः बाजूला उभा होतो. टक्क असा आवाज आला, पातं नमस्कार केल्यासारखं पुढं वाकलं, काठ ओलांडला आणि खाडकन परत उभं राहिलं. ऑपरेटर केबिनमधूनच हसला.

बाकीचं नानांनी चहाच्या दुसऱ्या कपात उरकलं. रेडिएटरमध्ये काय आहे? बोअरचं पाणी, दुसरं काय. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, इंजिनचा ब्लॉक फोडायला तेवढं पुरतं. म्हणून निम्मं कूलंट, निम्मं पाणी. हायड्रॉलिक ऑइल ६८ ग्रेडचं होतं, ते काढून पातळ घालायचं. आणि नाशकात भरलेलं डिझेल टाकीत ठेवून वर जायचं नाही. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत जमतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल काढलं, ते तिकडं मिळतं. "आमच्या वेळी टाकीखाली शेकोटी करायचो," नाना म्हणाले, आणि लगेच ऑपरेटरकडं वळून, "तू करू नको."

जाता जाता शेठनी विचारलं, याच मशीननं खिंड उघडता येईल का. नाना हसले. माणसापेक्षा उंच बर्फ डोझरनं आणि स्नो कटरनं, म्हणजे बर्फ कापून बाजूला फेकणाऱ्या मशीननं, काढायचा. ग्रेडर त्यानंतरचा, रोज पडणारा ताजा बर्फ लोटून रस्ता चालू ठेवणारा.

दोन दिवसांनी मशीन ट्रेलरवर चढलं. महिन्याभरानं ऑपरेटरचा फोन आला. वाऱ्यामुळं नीट ऐकू येत नव्हतं. प्लाऊ कसा चालतो विचारलं तर म्हणाला, "चांगला चालतोय. पण भाऊ, रेडिएटरच्या जाळीतून अजून तूस निघतंय. इथली माणसं विचारतात, हे काय आहे."