टॅबलेटचे सॉफ्टवेअर बदलावे की नाही

दारव्हा तालुक्यातील आमच्या घरी पुतणीच्या अभ्यासासाठी घेतलेला दोन जीबी रॅमचा स्वस्त टॅबलेट आता इतका संथ झाला आहे की बालभारतीचे ई-पुस्तक उघडेपर्यंत तिचा उत्साहच मावळतो. म्हणून त्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत कार्यप्रणाली टाकावी का, याचा मी विचार करीत होतो.

त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे टॅबलेट सुरू होताना कार्यप्रणाली चालू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो आणि तसे करताना आतील सर्व माहिती पुसली जाते. हे एक वेळ चालेल. खरी अडचण अशी की अनलॉक केलेले उपकरण उपकरणात फेरफार झाला आहे का हे पाहणाऱ्या गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत बहुधा नापास होते, त्यामुळे बँकांची अनेक ॲप चालत नाहीत, आणि कापसाचे चुकारे खात्यात आले का, हे दादा याच टॅबलेटवर पाहतात. शिवाय लिनिएजओएसच्या अधिकृत यादीत आमचे मॉडेल नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ नंतर, प्रोजेक्ट ट्रेबल या अँड्रॉइडच्या रचनेतील बदलामुळे जेनेरिक प्रतिमा (अनेक मॉडेलांवर चालू शकणारी कार्यप्रणालीची तयार फाइल) टाकण्याची वाट खुली झाली आहे खरी, पण तीत कॅमेरा किंवा आवाज बंद पडण्याची शक्यता राहते. (विजेच्या लपंडावात डेस्कटॉपवरून हा उद्योग करणे मला तरी पटत नाही.)

म्हणून तूर्त मी एडीबी या संगणकावरून टॅबलेटला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या साहाय्याने कंपनीने भरलेली अनावश्यक ॲप फक्त वापरकर्त्यापुरती, म्हणजे मूळ प्रणालीत तशीच ठेवून, काढणार आहे. यात रूट, म्हणजे प्रणालीवरचा पूर्ण ताबा, लागत नाही. साठवणुकीची जागा फारशी सुटत नसली तरी पार्श्वभूमीत चालणारा भार कमी होतो, आणि फॅक्टरी रीसेट केल्यास ती ॲप परत येतात.