आमची वाटचाल : प्रत्येक झटक्याला ईसीएम जबाबदार नसतो

आमचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात. फाउंड्री, लेथ आणि ऑइल इंजिनांची ही पेठ. कार्बोरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंटच्या काळात इथेच आमचा हात बसला. गाडी पिकअप घेताना दबली की ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, जेट आणि टायमिंग बघायचं. २००० च्या आसपास मारुती ८०० सुद्धा एमपीएफआयवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरवर आली आणि जुनी गिऱ्हाइकं दारात उभी राहून विचारू लागली, "मिस्त्री, आता कॉम्प्युटरच्या गाड्या. जमणार का?" पतसंस्थेचं कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर घेतला, वायरिंगचे नकाशे झेरॉक्स करून भिंतीला लावले, एकेक सेन्सर काढून त्याचं काम समजून घेतलं. जमलं. पुढची काही वर्षं चांगली गेली.

मग आमच्याच रस्त्यावर एक मोठं गॅरेज उघडलं. काचेची केबिन, रंगीत छापील रिपोर्ट. गाडी अडखळते म्हणून कोणी आलं की स्कॅनर लावायचा आणि कोड, म्हणजे दोषाचा नंबर निघाला की सांगायचं, "ईसीएम गेला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. कोड निघाला नाही तरी उत्तर तेच. कोड हा सर्किटचा असतो, पार्टचा नाही, हे या धंद्यातल्या पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. पी०१२२ म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरचं, व्होल्टेज कमी. ते सेन्सरमुळे कमी असेल, तुटक्या तारेमुळे असेल, कपलरमधल्या (तारा जोडायच्या सॉकेटमधल्या) सैल पिनेमुळे असेल. ईसीएमचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो.

जुन्या गाडीतून काढलेला ईसीएम तिथे नव्याच्या दराने बसायचा आणि खरी मेख अशी, की गाडी आठ-पंधरा दिवस बरी चालायची. ईसीएम बदलताना कपलर निघतो आणि परत बसतो, पिना घासून स्वच्छ होतात. बॅटरीची तार सुटते, ईसीएमने शिकलेली मूल्यं पुसली जातात. दोष जागेवरच असतो, पण गिऱ्हाईक खूश होऊन चार जणांना सांगतं. वर पार्टवाल्यांच्या दुकानांत चर्चा पसरवली गेली, की आमचा स्कॅनर जुना आहे आणि आम्हाला ईसीएममधलं काही कळत नाही. हे मला आजही सहन होत नाही. आम्ही तयार केलेली दोन पोरं तिकडे गेली. पतसंस्थेचे हप्ते थकले. अर्धी शेड शेजारच्या लेथवाल्याला भाड्याने द्यावी लागली आणि गाड्या उन्हात लावून काम करायची वेळ आली. शटर कायमचं ओढावं, असं घरात बोलणं झालं होतं.

त्या दिवसांत एक माणूस हलला नाही. शाहूपुरीत गुळाची अडत असलेले आमचे काका. त्यांची जुनी वॅगनआर, केबलच्या थ्रॉटलची. दुसऱ्या गिअरमध्ये हलका पाय दिला की गाडी क्षणभर दबायची, मग एकदम उसळायची. त्या मोठ्या गॅरेजने ईसीएम बदलायच्या खर्चाचा अंदाज लिहून दिला होता. काका कागद घेऊन आले आणि म्हणाले, "तुमचा मीटर लागल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही."

तो मीटर म्हणजे नाशिकच्या मोटवानेचा काट्याचा मल्टीमीटर. काच ओरखडलेली, एका प्रोबला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. आधी बॅटरी बघितली, चार्ज होऊन विसावलेली, १२.६ व्होल्ट. मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारला. तिथे ०.२ व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडची परतीची जोडणी, खराब समजायची. इथे ठीक होती. पेट्रोलचं प्रेशर तीन बारच्या जवळ, प्लग आणि कॉइल ठीक, स्कॅनरवर कोड नाही.

मग थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नल तारेवर प्रोब धरला, चावी चालू, इंजिन बंद. पोराला सांगितलं, पेडल हळूहळू दाब, घाई करू नकोस. काटा अर्ध्या व्होल्टपासून सरळ चढू लागला आणि पेडल थोडं खाली गेल्यावर एकदम खाली पडून परत वर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा त्याच जागी पडला. गावात गाडी चालवताना पाय बहुतेक वेळ त्याच जागी असतो, म्हणून सेन्सरमधली कार्बनची पट्टी तिथेच झिजते. व्होल्टेज पडलं की ईसीएमला वाटतं पाय सुटला, तो पेट्रोल कमी करतो. इतक्या छोट्या क्षणाचा कोड त्या गाडीत लागत नाही. डिजिटल मीटरचे आकडे सावकाश बदलतात, स्कॅनरही सावकाश वाचतो, त्यामुळे ते दिसत नाही. काट्यावर दिसतं. काकांना खाली वाकवून दाखवलं. ईसीएम बिचारा मिळालेल्या माहितीवर बरोबर काम करत होता. सेन्सर बदलला, काकांनी गाडी रंकाळ्यापर्यंत फिरवून आणली आणि संध्याकाळी गूळ मार्केटमध्ये सगळ्यांना सांगितलं. पुढच्या महिन्यात अडतीतल्या गाड्यांची आमच्याकडे रांग लागली. लेथवाल्याकडून शेड परत घेतली.

ईसीएम कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला, पंचगंगा शाहूपुरी आणि दसरा चौकात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तेव्हा खरे मेलेले ईसीएम आम्ही पोत्याने पाहिले. कपलर उघडला की पिनांवर हिरवा थर. ज्यांनी पाणी ओसरताच चावी फिरवून बघितली, त्यांचे बोर्ड जळले. ज्यांनी आधी बॅटरी काढली आणि गाडी ओढून आणली, त्यांचे बरेच बोर्ड धुऊन, वाळवून, पिना साफ करून चालू झाले.

बदलायचा की नाही हे ठरवताना आमचा क्रम ठरलेला आहे. ईसीएमच्या कपलरवर बॅटरीचं व्होल्टेज येतं का, दोन्ही-तिन्ही अर्थ लोडवर धड आहेत का. सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट मिळतात का. मिळत नसतील तर घाबरू नका, एकेक सेन्सर सोडवत जा. एखादा आतून शॉर्ट झालेला सेन्सर सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो, तो सुटला की व्होल्टेज परत येतं. सगळे सोडवून, वायरिंग तपासूनही ५ व्होल्ट आले नाहीत, तर मग ईसीएमला हात लावा. इंजेक्टर किंवा कॉइलचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारा ईसीएममधला भाग, गेला असेल तर आधी ती कॉइल तपासा. जुन्या ईसीएमला जिने मारलं ती कॉइल तशीच ठेवली, तर नवाही त्याच वाटेने जातो. आणि वापरलेला ईसीएम घेणार असाल तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय सुरू न होणारी गाडी असेल तर चावी जुळवून देणारा माणूस आधी ठरवा, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं नवं मानक, बीएस ६ लागू झालं. आता पेडलला केबल नाही, सेन्सरमध्ये दोन पट्ट्या असतात आणि ईसीएम त्यांची एकमेकींशी तुलना करतो. जुळलं नाही तर गाडी स्वतःच जोर कमी करते. माझ्या मुलीने त्यासाठी ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेषा काढून दाखवणारं यंत्र, घेतला आहे. दोन्ही पट्ट्यांच्या रेषा ती पडद्यावर एकाखाली एक लावून बघते. काट्याचा मीटर अजून त्याच टेबलावर आहे आणि केबलच्या गाड्यांना तोच लागतो. काकांचा मुलगा आता गाडी घेऊन येतो.

आणि आमच्याकडेच नव्हे, कुठेही गाडी नेणार असाल तर एक करा. "रिसेट होईल" म्हणून घरी बॅटरीची तार काढू नका. कोड आणि त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान सगळं पुसलं जातं आणि आम्हाला पहिल्यापासून शोधावं लागतं. गाडी कधी अडखळते तेवढं कागदावर लिहून आणा. थंड इंजिनवर की गरम, एसी चालू असताना की बंद, पाऊस पडल्यावर की एरवीही.