टॅब दाबायचं, हे कोणी सांगेल तर शपथ!

लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) लिब्रेऑफिस टाकलंत की मायक्रोसॉफ्टचे फॉन्टही टाकून घ्या, असा सल्ला जो उठतो तो देतो. मीही ऐकला. त्यापायी आमच्या महिला मंडळाचा वार्षिक अहवाल लटकला, आणि तो सल्ला आम्हाला लागू नव्हताच हे नंतर कळलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मंडळाचा कॉम्प्युटर जुना. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही. नवीन घ्यायचा तर पैसे कुठले? वर्गणी हॉलच्या भाड्यात आणि हळदीकुंकवात जाते. पुण्याचा भाचा दिवाळीत बडोद्याला आला होता, त्याने उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. ते सुरळीत झालं. फक्त इन्स्टॉल करताना 'डीफॉल्ट' निवडलं तर लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट ऑफिस) येत नाही, 'एक्स्टेंडेड' निवडावं लागतं. आमच्याकडे डीफॉल्ट होतं, म्हणून जागा वाचवायला त्याने मागाहून त्यातले फक्त राइटर (वर्डसारखा) आणि कॅल्क (एक्सेलसारखा) टाकले. याचा पुढे संबंध येतो.

तो पुण्याला गेला आणि मी अहवाल उघडला. सोळा पानांचा अहवाल एकोणीस पानं दाखवत होता. देणगीदारांच्या यादीत नाव एका पानावर, रक्कम पुढच्या. रावपुऱ्यातल्या छापखान्याने भाव सोळा पानांचा दिलेला, आणि छपाईचा हिशोब चार-चार पानांनी चालतो, म्हणजे एकोणीसचे पैसे वीसचे. भाच्याला फोन केला. "फॉन्टचं असेल मावशी, मायक्रोसॉफ्टचे टाक," म्हणाला आणि पॅकेजचं नाव पाठवलं: टीटीएफ-एमएसकोरफॉन्ट्स-इन्स्टॉलर.

टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीत, ते पॅकेज टाकायची कमांड दिली. (पासवर्ड टाइप करताना तिथे काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करत राहायचं.) भराभर ओळी सरकल्या आणि एकदम सगळी खिडकी जांभळी. मधे राखाडी चौकट, तीत इंग्रजीतला करारनामा, तळाशी टोकदार कंसात 'ओके'.

माउसने क्लिक केलं, ढिम्म. एंटर दाबलं, ढिम्म. बाणाची कळ दाबली की मजकूर तेवढा वरखाली सरके. करार शेवटपर्यंत गेल्याशिवाय ओके चालत नसेल असं वाटलं, म्हणून अक्षरन् अक्षर वाचून काढला. फॉन्ट दुसऱ्यांना कसे द्यायचे, कसे द्यायचे नाहीत, सगळं कळलं. ओके तसंच. एवढा लांबलचक कायदा लिहिणाऱ्यांना खाली 'टॅब दाबा' हे दोन शब्द लिहायला काय झालं होतं?

शेजारी आमच्या खजिनदार बसल्या होत्या. "बंद करून परत उघडू या की," म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातली फुली दाबून मोकळ्या झाल्या. आता परत कमांड दिली तर लॉक मिळत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोसेसने तो धरून ठेवला आहे, असा निरोप. शोधलं तर अर्धे लोक सांगतात की ती लॉकची फाइल उडवून टाका. हे कृपया करू नका. लॉक असतो तो दोन कामं एकाच वेळी घुसून घोळ होऊ नये म्हणून. कित्येकदा मागे उबुंटूचे आपोआपचे अपडेट चालू असतात, तेव्हा चहा करून यावं, लॉक आपसूक सुटतो. आमचा सुटला नाही, म्हणून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. मग नवा निरोप आला की आधीचं काम अर्धवट राहिलं आहे, ते हाताने पुरं करा. त्याची कमांड निरोपातच दिलेली असते: सुडो, डीपीकेजी, मग दोन आडव्या रेघांना जोडून कॉन्फिगर, शेवटी एक रेघ आणि ए. ती दिली. आणि परत तीच जांभळी खिडकी!

भाचा दिवसभर मीटिंगमध्ये. रात्री त्याचा फोन आला. "मावशी, टॅब दाब. ओके रंगलं की एंटर."

एवढंच होतं. पुढच्या चौकटीत करार मान्य आहे का विचारतात, तिथे निवड 'नो'वर असते. ती 'यस'वर नेऊन मग एंटर करा, सवयीने ठोकू नका. त्यानंतर फॉन्ट सोर्सफोर्ज नावाच्या साइटवरून उतरतात. ते मधेच अडलं, तर काही फाइल्स उतरल्या नाहीत अशी सूचना येते. घाबरायचं नाही, सिस्टिम स्वतःच नंतर पुन्हा प्रयत्न करते. आमचे असेच उतरले.

अहवाल उघडला. एकोणीस पानं!

तेव्हा कुठे मी त्या पॅकेजात काय आहे ते पाहिलं. एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू, व्हर्डाना, जॉर्जिया, कॉमिक सॅन्स असे जुने फॉन्ट. आमच्या अहवालात इंग्रजी आणि आकडे कॅलिब्रीत, मराठी मंगलमध्ये, गुजराती शुभेच्छांचं पान श्रुतीमध्ये. तिन्हींपैकी एकही त्यात नाही. शिवाय एरियल आणि टाइम्सच्या अक्षरांच्या रुंदीचेच लिबरेशन फॉन्ट उबुंटूत आधीपासून असतात, त्यामुळे त्या दोघांसाठीही हा खटाटोप नकोच होता.

खरी पहिली पायरी ही: राइटरमध्ये मजकुरावर कर्सर ठेवून वर फॉन्टच्या खान्यात बघा. नाव तिरक्या अक्षरांत दिसलं तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. आमची तिन्ही नावं तिरकी होती.

मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टऐवजी चालणारे त्याच मापाचे फॉन्ट मिळतात: कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया. लिब्रेऑफिसचं पूर्ण पॅकेज टाकलं की हे शिफारशीतून सोबत येतात. फक्त राइटर-कॅल्क टाकल्यामुळे आमच्याकडे आले नव्हते. ते टाकल्याबरोबर देणगीदारांची यादी जागेवर बसली. देवनागरी-गुजरातीसाठी फॉन्ट्स-इंडिक टाकलं, त्यात दोन्ही लिपींचे लोहित नावाचे फॉन्ट येतात. मग टूल्स, ऑप्शन्स, फॉन्ट्स इथल्या बदलीच्या तक्त्यात मंगलऐवजी लोहित देवनागरी आणि श्रुतीऐवजी लोहित गुजराती लिहिलं. मंगलच्या ओळीची उंची वेगळी असते, तेव्हा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळींचं अंतर 'फिक्स्ड' करावं लागलं. सोळा पानं झाली तेव्हा खजिनदारबाईंनी स्वतः मोजून खात्री केली.

जाता जाता, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची (देवनागरी-गुजरातीसारख्या लिपींच्या मजकुराची) भाषा मराठी करा. तिथे एकच भाषा ठरवता येते, म्हणून गुजराती पान निवडून त्याची भाषा वेगळी लावावी लागते.

छापखान्याला पीडीएफच द्यावी, तीत फॉन्ट आतच बसतात. आमच्या छापखान्याने वर्डची फाइल मागितली. मी दिली नाही.