हनुवटी कुणाची

आत्याबाई काल येऊन गेल्या. ओमला उचलून तोंड न्याहाळलं आणि नेहमीचा हिशोब मांडला. कपाळ समीरचं, कान आजोबांचे. "हनुवटी मात्र आमच्यात कुणाचीच नाही गं." चहा घेतला, गेल्या. त्यांच्या मनात काही नसतं, मला माहीत आहे. माझ्या मनातून मात्र ते जात नाहीये.

आमच्यात कुणाची नाही, म्हणजे माझी? आरशात जाऊन बघितलीसुद्धा. चांगली ठसठशीत आहे की!

ओमची हनुवटी बारीक, मागे गेलेली. याला पिएर रोबाँ सिक्वेन्स म्हणतात. पिएर रोबाँ या फ्रेंच डॉक्टरने १९२३ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्याचं नाव. म्हटलं तर ओमची हनुवटी फ्रेंच. पोटात पहिल्या तीन महिन्यांतच खालचा जबडा मागे राहतो. जिभेला खाली यायला जागा नाही, ती वरच अडून बसते, आणि टाळूचे दोन भाग जुळायचे राहून जातात. जन्मल्यावर तीच जीभ मागे पडून श्वास अडवते. बाकी सगळ्यांना सांगतात बाळ उताणं निजवा. आम्हाला सांगितलंय पालथं, मशीनवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर डोळा ठेवून. अंगावर ओढता येत नाही. बाटली हळूहळू दाबत पाजायचं, तरी नाकातून दूध येतंच. आठ ते चौदा हजारांत एक म्हणे. बरोबर आमचंच घर सापडलं.

आणि तो डोळ्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न. "घरात लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा कुणाला?" मी वर्गातल्यासारखा हात वर केला. स्टिकलर सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार असेल तर अशी हनुवटी, मोठा मायनस नंबर, लवकर झिजणारे सांधे आणि पुढेमागे डोळ्यातला पडदा सुटायची भीती, सगळं एकत्र येतं. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलात यायची शक्यता निम्मी. आमचं रक्त तपासायला गेलंय. माझ्या आईचे गुडघे चाळिशीतच... जाऊ दे.

म्हणजे आत्याबाई बरोबरच म्हणाल्या असतील. त्यांच्यात कुणाची नाहीच.

जबडा वाढतो, बहुतेकांचा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बराच भरून येतो. टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास. रिपोर्टला अजून वेळ आहे. समीर मात्र आतापासून मोबाइलवर मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेले चिमुकले चष्मे बघत बसलाय. निळा की लाल, विचारतो. मी म्हटलं, लाल घे. माझा निळा होता, अख्खी शाळा ढापणी म्हणायची.