आमची वाटचाल: लंडनहून परत आणलेला सेट

लालबागच्या एका गाळ्यात आमचे वडील आणि सुतारमामा या दोघांनी नेपथ्याचं काम सुरू केलं. वडील आराखडे आणि वसुली बघत, मामा लाकूड. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी, बालगंधर्व, परत शिवाजी मंदिर, अशी पुढची सगळी वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या सेटमुळे तिसरी घंटा कधी लांबली नाही. सविस्तर लिहायचंय ते युरोप दौऱ्याबद्दल, कारण आम्ही त्या दौऱ्यात निर्मात्यांची अडवणूक केली असं नाट्यवर्तुळात जे बोललं गेलं ते अर्धवट होतं.

दौऱ्यावरच्या नाटकाला वाड्याचा सेट होता: ओसरी, जिना, माडीचा कठडा. मामांनी फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या सुट्या भिंतींच्या, चौकटी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीच्या केल्या. प्रत्येक फ्लॅट मधोमध दुमडणारा, बिजागरीची खीळ सुटी. खीळ उपसली की दोन भाग वेगळे. बोल्ट सगळे आठ एमएमचे, म्हणजे तेरा नंबरच्या एका पान्यावर अख्खा वाडा उभा राहतो आणि उतरतो. नव्या मुलांना माझं सांगणं आहे, सेटमध्ये दोन मापांचे बोल्ट घालू नका. रात्री बारा वाजता विंगेच्या अंधारात चुकीचा पाना हातात आला की त्याची किंमत कळते. कापडाला आगप्रतिबंधक लेप दिला, कारण तिकडची थिएटरं त्याचा दाखला बघितल्याशिवाय सेट आत घेत नाहीत. खोकी, कीड मरावी म्हणून उष्णता दिलेल्या लाकडाची. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश, ३० मिनिटं, आणि वर तसा शिक्का.

हे सगळं सामान एटीए कार्नेवर गेलं, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याच्या जकातीच्या कागदांवर. फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून घेतलेला कार्ने वर्षभर चालतो, आणि सामान परत येणार या हमीवर परदेशात जकात भरावी लागत नाही. पिवळी पानं भारतातून निघताना आणि परतताना, पांढरी पानं परक्या देशात शिरताना आणि बाहेर पडताना. रंग, चिकटपट्टी, मेकअप, नटराजपूजेचा नारळ, म्हणजे जे वापरून संपतं ते यात बसत नाही. कार्ने आमच्या फर्मच्या नावावर होता आणि हमीपोटी ठेवलेलं डिपॉझिटही आमचंच. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

जर्मनी आणि नेदरलँड्सचे प्रयोग उत्तम गेले. ट्रक नेदरलँड्समधल्या हुक व्हान हॉलंड बंदरातून फेरीबोटीने इंग्लंडमधल्या हार्विचला उतरला. ब्रिटन २०२१ पासून युरोपच्या जकातव्यवस्थेबाहेर आहे, त्यामुळे इकडचा शिक्का वेगळा, तिकडचा वेगळा. दोन्ही घेतले. लंडन हा शेवटचा मुक्काम. तिथे आमच्या लाइटवाल्याला फार बरं वाटलं. ब्रिटिश थिएटरांत डिमरच्या, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या, सॉकेटला अजून पंधरा अँपियरची गोल तीन पिनांची जुनी पद्धत आहे, म्हणजे आपल्याकडच्या गिझरचा प्लग. युरोपभर बदलत आणलेले प्लग तिथे काढून त्याने आपले मूळचे लावले. १९३२ पासून मराठी मंडळ चालवणारं शहर ते, प्रेक्षक जाणकार. पडदा उघडला आणि नुसत्या वाड्याला टाळी पडली. मामांनी ती विंगेतून ऐकली.

मध्यंतरात निर्माते आत आले आणि म्हणाले, "सेट इथेच टाकून द्या, विमानभाडं परवडत नाही." मुंबईतल्या दुसऱ्या एका नेपथ्यवाल्याने त्यांना फोनवरून तसं सुचवलं होतं. तो फ्लेक्सवर वाडा छापतो, प्रयोग झाले की फेकून देतो. छापलेल्या जिन्यावर नटी चढणार कशी, हे त्याला कोणी विचारत नाही. सामान परत आलं नाही तर तिकडची जकात निर्मात्याच्या नाही, आमच्या डिपॉझिटमधून वळती होणार होती, आणि तेवढ्या रकमेत लालबागचा गाळा गेला असता. हे मी निर्मात्यांना तिथेच, कपडेपटाच्या दारात सांगितलं. ते म्हणाले, "तो तुमचा प्रश्न."

दादरला आमच्या एक निर्मात्या आहेत, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. वडिलांच्या काळापासून त्यांनी दुसऱ्या कोणाकडे सेटचं काम दिलेलं नाही. त्यांना रात्री फोन लावला. तिकडे पहाट होती. त्यांनी एकच विचारलं, "भाडं किती?" पुढच्या नाटकाची आगाऊ रक्कम त्यांनी सकाळी बँक उघडताच आमच्या खात्यावर जमा केली. कुठलं नाटक, हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं.

इकडे प्रयोग संपल्यावर मामा यादी घेऊन बसले आणि आम्ही एकेक नग त्यांच्यासमोरून नेला. नग, वजन, माप, खूण. कार्नेवर लिहिलेलं आणि खोक्यातलं जुळलं पाहिजे. माडीच्या कठड्याचा एक खांब सापडेना. तो स्टेजखालच्या खोलीत निघाला, तोवर थिएटरवाल्यांनी दिवे मालवायला सुरुवात केली होती. यादी नेहमी सेट बांधणाऱ्याने करावी, ऑफिसातल्या माणसाने नव्हे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

सामान हीथ्रोहून मुंबईला आलं, शेवटच्या पिवळ्या पानावर शिक्का पडला, डिपॉझिट सुटलं. त्या निर्मात्यांनी पुढचं नाटक फ्लेक्सवाल्याला दिलं आणि आम्ही दौऱ्यात अडवणूक केली असं चार लोकांत सांगितलं. अडवणूक आम्ही केली नाही. करारात परतीचं भाडं त्यांच्याकडे होतं. ते बिल अजून येणं आहे आणि दर मार्चअखेर आमचं पत्र त्यांना जातं. वाड्याची ओसरी आणि जिना ताईंच्या नाटकात लागले. कठडा मामांनी नव्याने रंगवला.