तुम्ही विचारलंत म्हणून : वाडा किती जुना?

जुन्या नाशकात ज्यांचं घर आहे किंवा निदान आजोळ आहे, ते कधी ना कधी विचारतातच: "आमचा वाडा किती जुना असेल हो?" विचारतानाच उत्तरही मनाशी ठरलेलं असतं. पेशवेकालीन! दारावर नक्षी आहे ना, मग झालं तर.

वाड्याला एकच वय नसतं. जोतं एका काळातलं, लाकूड दुसऱ्या, कौलं तिसऱ्या आणि हातातला कागद बहुतेक वेळा या सगळ्यांहून धाकटा. त्यामुळे एकेक वेगळं बघावं लागतं.

सगळ्यात सोपी कौलं. छत शाकारायला माणूस चढेल तेव्हा एक कौल उलटं करून बघा. मंगलोरी असेल तर पोटाला कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. मंगलोरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कौलावर 1865 हा आकडा दिसतो आणि लोक तेच घराचं साल धरून बसतात. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. तोच छाप पुढे कित्येक वर्षं चालला. एवढंच म्हणता येतं की हे छप्पर 1865 च्या आधीचं नाही. माडीखाली लोखंडी गर्डर असेल आणि त्यावर 'टाटा' असेल, तर तो 1912 नंतरचा, कारण जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षापासूनचं.

लाकूड जास्त फसवतं. खांब दगडी तळखड्यावर उभा, माथ्यावर तुळई, तुळईवर फूट-फूट अंतराने कड्या, त्यावर पाट आणि मातीचा भराव. हा सांगाडा शांतपणे वाचा. तुळईला जिथे काहीच येऊन मिळत नाही अशा जागी चौकोनी भोकं दिसली, किंवा कडीच्या मधोमध विनाकारण खाच दिसली, तर ते लाकूड आधी दुसऱ्या घरात होतं. जुनं सागवान कुणी टाकून देत नसे. एक वाडा उतरला की त्याचं लाकूड दुसऱ्यात चढे. आजही पाडलेल्या वाड्यातला पहिला ट्रक लाकडाचाच निघतो. म्हणून शंभर वर्षांच्या घरात दोनशे वर्षांची तुळई सापडते, आणि नक्षीदार दार तर चौकटीसकट उचलून आणता येतं. दारावरून वय सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. खिळे पाहा: हाताने घडवलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता, डोकं ओबडधोबड. तारेचा गोल खिळा त्या मानाने अलीकडचा.

खांब बघताय तर त्याचा पायही बघा. फरशी बदलताना जमीन दोन-तीन इंच उचलली जाते आणि तळखडा खाली गाडला जातो. मग खांब दगडावर न राहता ओलीत उभा राहतो. बाहेरून ऑइलपेंट चकचकीत, आतून भुसा. हातोडीच्या दांड्याने ठोका. वर टणक आणि खाली बद्द आवाज आला की पेचकस टोचून बघा, सहज आत गेला तर आधी टेकू द्यायचा, इतिहास नंतर. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की हेच होतं, ओल बाहेर पडायला वाट राहत नाही.

आता जमीन. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं आहे: म्हसरूळ टेक, चित्रघंटा, डिंगरअळी, जुनी गढी. गढीवर 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. म्हणजे या भागात पाया खणताना खापऱ्या निघाल्या तर त्या तुमच्या वाड्याच्याच असतील असं नाही. उताराचं गणितही महत्त्वाचं. गल्लीचं वरचं टोक कोरडं राहतं आणि खालच्या टोकाला गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी लागतं. सरस्वती नाला तर आता दिसतही नाही, पण जोराचा पाऊस झाला की दहीपूल आणि सराफ बाजारातून वाहून आपली जागा दाखवतो. 1969, 2008, 2016, 2019 या पुरांत दुतोंड्या मारुतीला (नदीकाठच्या ज्या मूर्तीवरून पुराची उंची मोजतात तिला) पाणी कुठवर आलं ते घाटावरचा कुणीही सांगेल. खालच्या अंगाच्या वाड्यांचे तळमजले अशा पाण्यानंतर पुन्हा बांधले जातात. म्हणून कधी कधी तळापेक्षा माडी जुनी निघते!

कागदाकडे सगळ्यात शेवटी. घरपट्टीवरचा घर क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर (नगर भूमापन क्रमांक) हे वेगळे, इथेच पहिली फेरी फुकट जाते. सिटी सर्व्हे नंबर घेऊन मालमत्ता पत्रक काढा, आणि त्यावर न थांबता चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मूळ धारकाकडे जागा कशी आली हे असलंच तर तिथे मिळतं. पत्रकावरची सगळ्यात जुनी तारीख ही जागेच्या नोंदीची, बांधकामाची नव्हे. मोडीतलं खरेदीखत सापडलं तर इसवी सन काढायला शकात 78 मिळवा, पण मिती माघ-फाल्गुनाची असेल तर 79. फसली सन (जुनं महसुली वर्ष) असेल तर 590, आणि जानेवारी ते मृगापर्यंत 591. शक आणि संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातलं) नाव जुळत नसेल तर वाचणाऱ्याकडून आकडा चुकलाय, दुसऱ्याला दाखवा.

पत्रकावर नावापुढे 'अ.पा.क.' दिसेल. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे नोंद झाली तेव्हा ज्याच्या नावावर ती आहे ते मूल सज्ञान नव्हतं. नोंद साठ-सत्तर वर्षांपूर्वीची असेल तर ते मूल आज सत्तरी-ऐंशीचं आजोबा किंवा आजी असेल, कदाचित इंदिरानगरला नाहीतर नाशिकरोडला नातवंडांकडे. त्यांना वाड्याचं साल विचारू नका. जिना आधी कुठल्या बाजूला होता आणि 69 ला पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते विचारा.